फ्रेंच रेस्टॉरंटची वाईन: पावसाळ्याआधी यादी बदलावी की साठवण?

काणकोणकर:
गोव्यात आश्वेच्या बाजूला ४५ खुर्च्यांचं रेस्टॉरंट. अर्ध्या खुर्च्या एसीत, अर्ध्या उघड्या व्हरांड्यात. जेवण पक्कं फ्रेंच: बर ब्लांकमधला (लोण्याच्या आंबटसर सॉसमधला) चोणक मासा, बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवलेलं), मिरीच्या सॉसमधला स्टेक, शेवटी क्रेम ब्रुले. यादीत ७० वाईन, त्यात बाय द ग्लास चारच. पूर्णवेळ सोमेलियर (वाईन सुचवणारा जाणकार) नाही, कॅप्टनच वाढतात. तक्रारी दोन येतात: रेड 'चढते पण लागत नाही' (दारू जाणवते, चव नाही), आणि ग्लासमधली व्हाईट मरगळलेली. खर्च एकाच गोष्टीवर करता येईल. कशावर करावा?

म्हापशेकर:
साठवणीवर. 'रेड रूम टेंपरेचरला' हा नियम थंड देशातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांसाठी आहे. मे महिन्यात व्हरांड्यात ३२ असतं. तेवढ्या उष्णतेत आधी अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास मागे राहतो. 'चढते पण लागत नाही' ते यामुळेच.

वाईन फ्रिज १२ ते १४ अंशांवर ठेवा. बोर्दो किंवा मादिराँसारखी जड रेड १६-१८ ला वाढायची, पण व्हरांड्यातल्या टेबलासाठी १४ लाच काढा. ग्लासात ती भराभर वर चढते. बर्गंडीची पिनो नुआर १४-१६, पांढरी बर्गंडी ११-१३, साँसेर आणि शॅम्पेन ८-१०. बाहेर एका वेळी थोडीच ओता आणि दोनदा भरा.

बादलीत नुसता बर्फ टाकतात, ते चूक. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, मधे हवा राहते. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, बाटली गळ्यापर्यंत बुडालेली; खोलीच्या तापमानाची व्हाईट साधारण २०-३० मिनिटांत तयार होते. घाई असेल तर मूठभर मीठ घाला.

पावसाळ्यातल्या दमटपणाने वाईन बिघडत नाही, लेबलं बिघडतात. महागड्या बाटल्यांवर क्लिंग फिल्म गुंडाळा. खरा धोका वीज जाण्याचा. वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, हे कॅप्टनना बजावून ठेवा. आणि वितरकाचा माल दुपारी टेंपोतून आला तर सही करण्याआधी बघा: बूच वर आलेलं असेल किंवा कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टणाखाली) चिकट ओघळ असेल, तर ती बाटली वाटेत तापली आहे. परत पाठवा.

अंत्रुजकर:
म्हापशेकरबाबांशी सहमत, पण यादीलाही हात लावावाच लागेल, आणि त्याला पैसे लागत नाहीत. ४५ खुर्च्यांना ७० वाईन म्हणजे निम्म्या नुसत्या पडून राहणार. ३५-४० ठेवा आणि बाय द ग्लास चारच्या आठ करा. ७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. कॅप्टनचा हात सैल झाला आणि १७५ ओतलं, तर चारच होतात आणि नफा गेला. मेजरिंग कप वापरा. टेबलासमोर बरं दिसत नसेल तर सर्व्हिस स्टेशनवर मोजून न्या.

मरगळलेल्या व्हाईटचं कारण हवा. उघडलेली व्हाईट बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, रेडही जवळपास तेवढीच, स्पार्कलिंग घट्ट स्टॉपर लावला तरी एक-दोन दिवस. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला उघडल्याची तारीख चिकटवा. महाग वाईनसाठी कोराविन, म्हणजे बूच न काढता वाईन ओतायचं यंत्र, घ्या. सुई बुचातून जाते आणि आत आर्गन भरतो. प्लॅस्टिकचं बूच सुईचं भोक परत बुजवत नाही, आणि शॅम्पेनवर हे सुईचं यंत्र चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

जोड्या सॉस बघून लावा, मांस बघून नव्हे. चोणक, म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा, बर ब्लांकमध्ये आला की लोणी आणि आंबटपणा दोन्ही येतात. म्युस्काडे किंवा शाब्ली, अशी आंबटसर व्हाईट द्या. बदकाच्या कॉन्फीची चरबी मादिराँचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, कापतं. मिरीच्या सॉसवर १४.५ टक्क्यांची रेड दिली तर तोंड भाजतं. फ्रान्समधल्या उत्तर रोन खोऱ्याची सिरा, सां-जोझेफसारखी, नीट बसते. क्रेम ब्रुलेला सोतेर्न ही गोड व्हाईट, कारण गोडाबरोबरची वाईन त्या गोडाहून गोड नसली तर आंबट लागते. गोव्यातल्या गोड पोर्टची सवय असलेला पाहुणा रेड मागवून तोंड वाकडं करतो. त्याला चॉकलेटच्या पदार्थाबरोबर बान्यूल्स ही गोड फ्रेंच रेड सुचवा, खूश होईल.

फ्रेंच लेबलावर बहुधा गाव असतं, द्राक्ष नसतं. म्हणून यादीत शाब्लीखाली शारदोने, साँसेरखाली सोव्हिन्यों ब्लां, वूव्रेखाली शेनँ ब्लां असं लिहा. नाशिकची शेनँ पिणारा पाहुणा वूव्रेपर्यंत आपोआप येतो. 'ग्राँ क्रू' शब्दावर कॅप्टनना वेगळं बसवून शिकवा. बर्गंडीत तो मळ्याचा सर्वोच्च दर्जा. पण सां-तेमिल्याँ ग्राँ क्रू हे नुसतं अपेलासियाँ, म्हणजे प्रदेशाचं अधिकृत नाव, आहे. त्याच्या वर ग्राँ क्रू क्लासे आणि प्रमिए ग्राँ क्रू क्लासे आहेत. दोन्ही एकाच पट्टीत विकले, तर जाणकार पाहुणा तिथेच पकडतो.

काणकोणकर:
देव बरें करूं. एक राहिलं. पाहुणा बाटली 'खराब' म्हणून परत करतो तेव्हा कॅप्टनने ठरवायचं कसं?

म्हापशेकर:
वाद न घालता स्वच्छ ग्लासात ३० मिली घेऊन वास घ्यायचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर ती कॉर्क्ड, म्हणजे बुचामुळे बिघडलेली. तो वास हलवून जात नाही, उलट वाढतो. विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास मात्र डिकँटरमध्ये (पसरट काचेच्या भांड्यात) ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बहुधा उतरतो. तेवढा वेळ मागून घ्या. सोललेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे ऑक्सिडाइज झाली. व्हाईटच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्ट्रेटचे, निरुपद्रवी. ते दाखवून समजावलं की बहुतेक पाहुणे ऐकतात. खरोखर खराब निघाली तर दुसरी बाटली लगेच द्या. पहिली ओतून टाकू नका: बूच लावा, तारीख आणि टेबल नंबर लिहा, वितरकाकडून बदलून मागा. रिकामी बाटली दाखवली तर कुणी बदलून देत नाही.