पाठीशी घालणे आणि पाठीशी उभे राहणे

आमच्या मशीन शॉपमध्ये नव्या पोराकडून माप चुकलं. मायक्रोमीटर म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ अजून पुरती उघडली नव्हती, तरी त्याने ती मोजात धरली. माप अर्धा मिलिमीटर जास्त वाटलं, म्हणून त्याने आणखी एक कट घेतला आणि शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, हवा त्यापेक्षा बारीक झाला. जॉब, म्हणजे हातातला तो नग, भंगारात. पोराने तासाभरात स्वतःच येऊन सांगितलं. सुपरवायझर त्याला घेऊन वर गेले आणि म्हणाले, ‘चूक याच्या हातून झाली, पण रीडिंग नीट दाखवायचं काम माझं होतं.’

जेवणाच्या सुट्टीत एकजण म्हणाला, ‘साहेबांनी पोराला पाठीशी घातलं.’ मला तो शब्द फार खटकला.

पाठीशी घालतो तेव्हा मी पुढे असतो आणि चुकलेला माणूस माझ्या पाठीमागे. तो दिसत नाही, त्याची चूकही दिसत नाही. पाठीशी उभा राहतो तेव्हा तो पुढे असतो, सगळ्यांना दिसतो, आपली गोष्ट आपण सांगतो. मी फक्त मागे असतो. शब्द एकच, पण जागांची अदलाबदल झाली की अर्थ पार उलटतो. वापरातही फरक आहे. ‘चूक पाठीशी घातली’ हे सरळ मराठी आहे, पण ‘चुकीच्या पाठीशी उभा राहिला’ असं आपण सहसा म्हणत नाही. उभं राहायचं ते माणसाच्या पाठीशी.

कामाची जागा निकोप आहे का, हे मी यावरूनच ओळखतो. जिथे पाठीशी घालतात तिथे मर्जीतले वाचतात, बाकीचे चूक लपवायला शिकतात आणि खराब जॉब गुपचूप पुढच्या खात्यात सरकतो. टोयोटाच्या कारखान्यात अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, दिवा लागतो, गटप्रमुख मदतीला येतो. वेळेत सुटलं नाही तर लाइनच थांबते. त्या व्यवस्थेचं नाव अंदोन, म्हणजे मुळात जपानी कागदी कंदील. चूक उजेडात आणणाऱ्याजवळ कुणीतरी येऊन उभं राहतं, हे मला त्यात सर्वात मोलाचं वाटतं.

‘पाठराखण’ या शब्दाचे मात्र आपण हाल केले. बातम्यांत ती हल्ली बहुधा आरोपीचीच होते. खरं तर पाठराखीण म्हणजे नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी जाणती बाई. अनोळखी घरात मुलीला काही विचारावंसं वाटलं, रडू आलं, तर तिच्याजवळ हक्काचं माणूस. कामाच्या ठिकाणी नव्या माणसाला पहिल्या दिवसांत नेमकं हेच हवं असतं. आता त्याला ‘बडी’ किंवा ‘मेंटॉर’ देतात.

मी आमच्या शॉपमध्ये ‘पाठराखा’ म्हणायला सुरुवात केली आहे. त्या पोराला परवापासून एक पाठराखा दिलाय, तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मायक्रोमीटर दोघं मिळून वाचतात. तुमच्याकडे अशा माणसाला काय म्हणतात?