मदत हवी आहे: मुलीच्या डॉर्मच्या खोलीत रूममेटचं मांजर, कॉलेज आमच्याशी बोलायला तयार नाही

काळजीवाहू_आई
नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. मुलगी अमेरिकेत एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात आहे. तिच्या रूममेटने खोलीत मांजर आणलंय, कॉलेजने म्हणे रीतसर परवानगी दिलीये. मुलीला रात्र रात्र झोप नाही. खोली बदलून मागितली तर आत्ता शक्य नाही म्हणाले. मग मी स्वतः ईमेल केली, तर दोन ओळींचं उत्तर आलं की विद्यार्थिनीबद्दल आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. अहो, फी आम्ही भरतो! नक्की कुणाला लिहायचं ते सांगा. उद्यापर्यंत काहीतरी व्हायलाच हवं.

सरळसोट
सोपं आहे. बाहेर अपार्टमेंट घेऊन द्या. मी २००४ मध्ये एमएसला टेक्सासला आलो, दोन बेडरूममध्ये चौघं राहायचो. डॉर्मचं तोंडही पाहिलं नाही. पैसे वाचले, मांजरंही नव्हती.

बर्फाळ
मी अशाच एका कॉलेजात दोन वर्षं आरए (डॉर्मचा मजला सांभाळणारी विद्यार्थिनी) होते. थोडी माहिती द्या म्हणजे नीट सांगता येईल. कितवं वर्ष? खोलीत किती जणी? खोली बदलून कुणाकडे मागितली, आरएकडे की हाउसिंग ऑफिसकडे? तोंडी की लेखी? आणि झोप का नाही? मांजर ओरडतं, अंगावर येतं, की आणखी काही?

उंटावरचा
जाता जाता, लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला वगैरे का? भाचीला गणित करायचंय आणि तिला कुणीतरी हेच सुचवलंय.

जुनी_पाटी
@उंटावरचा, नाही हो. यातल्या 'आर्ट्स'चा कुंचल्याशी संबंध नाही. गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, सगळं असतं. स्वार्थमोर या अशाच कॉलेजात तर इंजिनिअरिंगही आहे. भर पदवीच्या शिक्षणावर, वर्ग लहान, आणि अख्खं कॉलेज मिळून बहुतेक ठिकाणी दोन-तीन हजारांच्या आतच विद्यार्थी. भाचीला खुशाल पाठवा, पण वेगळा धागा काढा.

काळजीवाहू_आई
सरळसोट, बाहेर राहता येत नाही. चारही वर्षं कॅम्पसवरच राहायचं असा नियम आहे. लहान कॉलेजांत हे असतंच, म्हणून लिहिलं नाही. बर्फाळ, पहिलंच वर्ष, खोलीत तिघी. आरएला सांगितलं होतं. आरए म्हणाली, बघते.

सरळसोट
चार वर्षं सक्ती? हे कॉलेज आहे की तुरुंग? अर्ज करा, सूट मिळते. सगळीकडे मिळते.

बर्फाळ
सगळीकडे नाही मिळत. जिथे मिळते तिथेही बहुतेक शेवटच्या वर्षाच्या मोजक्या मुलांना, आणि तीही वसंतात खोल्यांची सोडत होते तेव्हा ठरते. पहिल्या वर्षाच्या मुलीला ऑक्टोबरात कुणी सोडणार नाही. या कॉलेजांचा संसारच एकत्र राहण्यावर उभा असतो: एकच जेवणघर, आजूबाजूला छोटंसं गाव, बस असली तर असली. अपार्टमेंट घेतलं तरी जानेवारीत बर्फातून मैलभर चालत आठच्या लॅबला पोचायचं कसं? शिवाय ती एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असेल तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत कॉलेजला कळवावं लागतं.

आणि "आरए म्हणाली बघते" याचा अर्थ आतली बाई म्हणून सांगते. आरए म्हणजे वीस वर्षांची पोर. तिची स्वतःची परीक्षा असते, मजल्यावर कुणीतरी रडत असतं, कुणीतरी पॉपकॉर्न जाळून फायर अलार्म वाजवलेला असतो. खोली बदलायचा अधिकार तिला नसतो, ती फक्त वर कळवू शकते. तोंडी सांगितलेलं तिथेच विरून जातं. मी स्वतः दोनदा विसरलेय. त्यातल्या एकीला अजून तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

माझा शेवटचा प्रश्न मात्र तसाच राहिला: झोप का नाही?

मनीमाऊ
मला कळत नाही, मांजराने असं काय घोडं मारलंय? ती मुलगी नैराश्यातून जात असेल, मांजर तिचा आधार असेल. चार दिवस सवय होऊ द्या. आमच्या बोक्याशिवाय मला झोप लागत नाही.

कायदेकानू
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. एडीए या अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकी कायद्यातला 'सर्व्हिस ॲनिमल' म्हणजे काम शिकवलेला कुत्रा (अपवाद म्हणून छोटा घोडा). मांजर त्यात बसत नाही. हे मांजर 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' (मानसिक आधाराचं जनावर) असणार, आणि ते येतं फेअर हाउसिंग ॲक्टच्या, म्हणजे राहत्या जागेबाबत भेदभाव रोखणाऱ्या कायद्याच्या दारातून. डॉर्मला तो कायदा लागू नाही असा युक्तिवाद नेब्रास्का विद्यापीठाने कर्नी कॅम्पसच्या प्रकरणात करून पाहिला होता. २०१३ मध्ये फेडरल कोर्टाने तो फेटाळला आणि २०१५ मध्ये १,४०,००० डॉलर देऊन विद्यापीठाला तडजोड करावी लागली. तेव्हापासून कॉलेजं ताकही फुंकून पितात. म्हणून "मांजर काढा" या मागणीतून काही निघणार नाही. "माझी सोय करा" ही मागणी चालेल. पण त्यासाठी कारण लागतं आणि ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

काळजीवाहू_आई
कारण काय विचारता, तिला दमा आहे! लहानपणापासून. पंप घेते. आता रात्रीतून दोन-तीनदा घ्यावा लागतोय. हे मी लिहिलं नव्हतं का?

जुनी_पाटी
ताई!! नव्हतं.

दोन_पिल्लांचा_बाप
अहो हे सर्वात आधी लिहायचं. पंप एवढा लागतोय म्हणजे आजच हेल्थ सेंटरला जायला सांगा. बाकी सगळं नंतर.

बर्फाळ
+१. आणि यामुळे चित्रच बदललं. हा रूममेटशी पटत नाही असा मामला राहिलाच नाही. आता दार हाउसिंगचं नाही, ॲक्सेसिबिलिटी ऑफिसचं. काही ठिकाणी डिसॅबिलिटी सर्व्हिसेस म्हणतात. मांजराला मंजुरी बहुधा याच ऑफिसातून गेली असेल. दमा असणाऱ्यालाही सोय मागता येते, तोच हक्क आहे. मुलीने स्वतः ईमेल करायची: मला दमा आहे, मांजर आल्यापासून अमुक होतंय, पंप इतक्यांदा लागतोय, तातडीने दुसरी जागा हवी. सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यात नुसतं आजाराचं नाव नको, मांजरासोबत राहिल्याने रोजच्या जगण्यात काय अडतंय ते हवं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत, लेटरहेडवर, आमच्याकडे चालायचं.

सरळसोट
ईमेल-बिमेल सोडा. वकिलाची नोटीस पाठवा, दोन तासांत खोली मिळते. ही माणसं फक्त तीच भाषा समजतात. वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे खर्च सांगतात आणि एका खोलीत तीन मुली अन् एक मांजर!

कायदेकानू
वकिलाची नोटीस गेली की ऑफिसातला माणूस बोलायचा थांबतो आणि कागद कॉलेजच्या वकिलाकडे जातो. म्हणजे दोन तासांचे दोन आठवडे. मागणी केलीच नाही, तर नोटीस कशाची देणार? आधी अर्ज करा, नाकारला तर बघू.

सरळसोट
तुम्ही कॉलेजकडून बोलताय असं वाटतंय. असो.

कायदेकानू
मी मांजराकडूनही बोलत नाहीये. असो.

शुद्धहवा
हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर घ्या. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. आमच्या घरी तीन आहेत. कुठलं मॉडेल ते व्यनि (खाजगी निरोप) करतो.

दोन_पिल्लांचा_बाप
तोच फिल्टर आम्ही आणला होता. हवेतलं तो ओढेल हो, पण मांजराच्या लाळेतलं आणि कातडीवरचं प्रथिन गाद्या, गालिचे, स्वेटर सगळीकडे बसतं, त्याचं काय? मांजर गेल्यावरही महिनोन्महिने राहतं. म्हणून उद्या मांजर काढलं तरी त्याच खोलीत तिची सुटका नाही. मुलीला हलवा. आणि नव्या खोलीत नेण्याआधी पांघरुणं, कपडे सगळं गरम पाण्यात धुवा, नाहीतर मांजर बरोबर न्याल.

आता "कॉलेज बोलत नाही" याबद्दल, माझे दात यावर पडलेत. त्याचं नाव फेर्पा, १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. फी कोण भरतं याला शून्य किंमत. एक अपवाद आहे, मूल अमेरिकी करविवरणात तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण भारतातून फी भरणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. मुलगी संमतीचा फॉर्म भरून देऊ शकते, मग बोलतात. आणि एक बारीक गोष्ट: कायदा त्यांना सांगण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. "उत्तर देऊ नका, फक्त ऐकून घ्या, माझ्या मुलीला दमा आहे आणि रात्री त्रास होतोय" असं तुम्ही फोनवर खुशाल सांगू शकता. मी सांगितलं होतं. पलीकडच्या बाईंनी निव्वळ "हं, हं" केलं आणि संध्याकाळी पोराच्या दारावर टकटक झाली.

मनीमाऊ
दम्याचं आधी सांगितलं असतं तर मी तसं लिहिलं नसतं. माफ करा ताई. तरी त्या दुसऱ्या मुलीलाही दोष देऊ नका.

खवय्या
हिवाळी सुट्टीचं पाहिलंत का? डॉर्म बंद करतात. जेवणघरही बंद. कार्लटन कॉलेजसारख्या ठिकाणी तर थँक्सगिव्हिंगच्या आधी टर्म संपते ती थेट जानेवारीत पुढची. परदेशी मुलांना राहायचा वेगळा अर्ज असतो, त्याची मुदत कुणी सांगत नाही. मील प्लॅनमध्ये अनलिमिटेड घेऊ नका, माझ्या पुतण्याचे निम्मे स्वाइप (कार्डावरची जेवणं) वाया गेले. तांदूळ शिजवायला राइस कुकर बहुतेक डॉर्मच्या खोलीत चालत नाही, जप्त करतात.

जुनी_पाटी
खवय्या, उपयुक्त आहे, पण हे विचारलं कुणी?

खवय्या
उद्या विचारतीलच.

बर्फाळ
काळजीवाहू_आई, आणखी एक. रूममेटकडे असं जनावर येणार असेल तर बरीच कॉलेजं खोलीतल्या बाकीच्यांना आधी ईमेल करून विचारतात: ॲलर्जी आहे का, हरकत आहे का. तुमच्या मुलीला आली होती का?

काळजीवाहू_आई
आत्ता तिच्याशी बोलले. आली होती. ऑगस्टमध्ये. तिने "हरकत नाही" वर टिक केली. का तर म्हणे ती मुलगी व्हिडिओ कॉलवर इतकी छान बोलली, पहिल्याच दिवशी नाही कशी म्हणू. आणि मला सांगितलंही नाही. मी इथे तुमच्याशी भांडतेय आणि हिने स्वतःच सही करून ठेवलीये. आता तिचं म्हणणं, मीच हो म्हटलं तर आता कुठल्या तोंडाने जाऊ.

बर्फाळ
त्या टिकने काही बिघडत नाही. तब्येत बिघडली हे नवं कारण आहे, मागणी कधीही करता येते. लपवू मात्र नका. ईमेलमध्ये सरळ लिहू दे: "तेव्हा मला वाटलं चालेल, आता चालत नाहीये." आमच्याकडे असं दर वर्षी दोघी-तिघी लिहायच्या. आणि रूममेटला आधी तिच्याकडूनच कळू दे, ऑफिसकडून नको. तिघींना एकाच जेवणघरात रोज भेटायचंय. एवढ्याशा कॉलेजात तोंड चुकवायला जागा नसते.

रात्री फारच त्रास झाला तर दारामागे किंवा कॉलेजच्या साइटवर ड्युटीवरच्या माणसाचा नंबर असतो. त्याला उठवायला लाजू नये. बहुतेक ठिकाणी अशा वेळेसाठी एखादी-दुसरी खोली रिकामी राखलेली असते.

उंटावरचा
यातून काय ठरलं, भाचीने अर्ज करावा की नाही?

काळजीवाहू_आई
सगळ्यांना धन्यवाद. "उद्यापर्यंत" म्हटलं कारण परवा तिची पहिली मिडटर्म आहे, तेही लिहायचं राहिलं. तिने काल रात्रीच ईमेल केली, मला न दाखवता. सकाळी हेल्थ सेंटरला जाऊन आली, औषध बदलून दिलंय. ऑफिसने दोन आठवड्यांसाठी दुसऱ्या इमारतीत एकटीची खोली दिलीये, पुढचं काय ते डॉक्टरांचं पत्र आल्यावर ठरवतील. पत्रासाठी आमच्या डॉक्टरांकडे आज संध्याकाळी जातेय. रूममेट सामान उचलायला मदत करत होती म्हणे, दोघी रडल्या. तिसरी मुलगी मांजराजवळच राहिलीये, तिला काही होत नाही.

मी तो फोन केला नाही. मुलगी म्हणाली, आई, तू कुठे काही लिहू नकोस. या धाग्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

सरळसोट
दोन आठवड्यांनी परत तिथेच पाठवतील, लिहून ठेवा. वकिलाचा नंबर हवा तर व्यनि करा.

खवय्या
नव्या इमारतीत स्वयंपाकघर आहे का ते विचारून घ्या.