मदत हवी आहे: पिथ अँड सबस्टन्स आणि कलरेबल लेजिस्लेशन यांत गोंधळ होतोय
नमस्कार. ठाण्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोकरी बेलापूरला, त्यामुळे वाचन बहुतेक लोकलमध्येच. चार दिवस एकाच ठिकाणी अडलेय: पिथ अँड सबस्टन्स (कायद्याचा खरा गाभा कोणाच्या विषयात मोडतो हे बघणं) आणि कलरेबल लेजिस्लेशन (अधिकार नसलेल्या विषयावर वेगळ्या रूपाआडून कायदा करणं) यांतला फरक.

मुंबई राज्य विरुद्ध बलसारा (१९५१) वाचला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा गाभा मादक पेयांवर नियंत्रण, म्हणजे प्रांताचा विषय. आयातीच्या केंद्रीय विषयाला ओझरता स्पर्श झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. हे पटलं. त्याच निकालात अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरत्या तरतुदी गेल्या, बाकी कायदा टिकला. पण तो मूलभूत हक्कांचा आणि विभाज्यतेचा (अवैध तरतुदी वेगळ्या काढून बाकी कायदा टिकवण्याचा) भाग, हेही कळलं.

घोडं अडतं ते कलरेबल लेजिस्लेशनवरच्या गजपती नारायण देव (१९५३) खटल्यात. तिथे न्यायालय म्हणतं, विधिमंडळाचा हेतू बघायचाच नाही, प्रश्न फक्त अधिकारक्षेत्राचा. मग दोन्हीकडे वरचं रूप सोडून गाभाच तपासायचा, तर फरक नेमका कुठे? मला वाटतं कसोटी एकच, निष्कर्ष वेगळे. बरोबर आहे का?

पेपरात प्रसंग दिला तर कोणतं तत्त्व लावायचं हे कशावरून ओळखता? वकील मंडळींनी किंवा सीनियर्सनी एखादं उदाहरण घेऊन मराठीत समजावलं तर फार मदत होईल.