सल्ला हवा: बुद्धिबळाचा खरा पट घ्यावा का?

बिनपटाचा: लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रोज ऑनलाइन खेळतो, रेटिंग बरं आहे. पण खऱ्या पटावर बसलो की लांबचा उंट दिसतच नाही आणि वजीर फुकट जातो. स्पर्धा खेळायची आहे. कुठला पट घेऊ? कमीत कमी खर्चात. लाकडी नको.

अडीच घरं: लाकडीच घ्या. आमचा शिसवी आहे, मोहरे वजनदार. खर्च काय, एकदाच होतो.

कोपऱ्यातला हत्ती: अहो, लाकडी नको म्हणालेत ते. स्पर्धांत बहुतेक गुंडाळायचा पट आणि प्लॅस्टिकचे मोहरेच असतात. राजा साधारण ९.५ सेंमी, घर ५ ते ६ सेंमी. सोपी खूण म्हणजे एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. मी माप न बघता मागवला होता, घोडा उचलला की शेजारचा उंट आडवा!

तिरका: पट कशाला? स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम फुकट आहे, डाव संपला की चुका दाखवतो.

अडीच घरं: पण शिस्त कोण लावणार? स्क्रीनवर जायची घरं ठिपक्यांनी दिसतात, चुकीची चाल होतच नाही. पटावर हात लावला तो मोहरा हलवावाच लागतो. कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात ते) आधी हत्तीला हात लावलात तर पंच हत्तीच हलवायला लावेल.

तिरका: घरी पंच कोण, बायको?

झेंडा पडला: लाकडीला +१. आणि घ्यायचाच तर इलेक्ट्रॉनिक घ्या, चाली आपोआप नोंदवतो. माझा सारखा डिसकनेक्ट होतो, पण दिसतो झकास.

कोपऱ्यातला हत्ती: कमी खर्च म्हणालेत हो!! @बिनपटाचा, स्क्रीनवर आपण वरून बघतो, पटावर तिरकं. पुढचे मोहरे मागच्यांना झाकतात, म्हणून उंट दिसत नाही. ऑनलाइन सावकाश डाव लावा, समोर पट मांडा. समोरच्याची चाल पटावर करा, विचारही पटाकडे बघूनच, मग मोबाईलवर खेळा. फक्त मोहरे हलवून बघायचे नाहीत, स्पर्धेत ते चालत नाही.

झेंडा पडला: हेच म्हणणार होतो.

बिनपटाचा: सगळ्यांचे आभार. चुंबकाचा छोटा घडीचा पट मागवलाय. अर्धा डाव तसाच उचलून ठेवता येतो.

अडीच घरं: चुंबकाचा??? कुणी सुचवला होता?

कोपऱ्यातला हत्ती: घरं मोजलीत का त्याची?

तिरका: स्टॉकफिश तरी घ्या. फुकट आहे.