प्रोग्रेसिव्ह रॉकचे दिवस पुन्हा येतील का?

सातमात्रा:
आमचा चौघांचा बँड आहे, मी कीबोर्ड वाजवतो. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक, थोडक्यात प्रोग, वाजवतो, म्हणजे लांबलचक, अनेक भागांच्या रचनांचं रॉक संगीत. वर्षभर खपून आम्ही एकच रचना बसवली आहे, साडेएकोणीस मिनिटांची. परवा तालमीनंतर केबल गुंडाळता गुंडाळता आमचा ड्रमर म्हणाला, "हिचे चार तुकडे करू. चार गाणी होतील, कोणीतरी ऐकेल तरी. ही शैली पन्नास वर्षांपूर्वीच संपली, आपण वाजवतोय कोणासाठी?" तो मनापासून बोलत होता, म्हणून जास्त लागलं. रात्री झोप आली नाही.

लांब गाणं लोकांना झेपत नाही, हे मला मुळातच पटत नाही. १९७२ हे एकच वर्ष घ्या. येस या बँडचा 'क्लोज टू द एज' हा अल्बम आला, त्यात १८ मिनिटांचं गाणं. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट'मध्ये जवळजवळ २३ मिनिटांचं. जेथ्रो टलच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'मध्ये तर दोन्ही बाजू मिळून अख्खी तबकडी म्हणजे एकच गाणं, आणि तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ऐकणारी माणसंच होती ना?

जुने बँड पुन्हा दौऱ्यावर निघतात, त्याबद्दल मी विचारत नाहीये. आज अठरा-वीस वर्षांची मुलं स्वतःहून असं संगीत करतील, आणि त्यांच्याच वयाची मुलं ते ऐकतील, असं होईल का? तुम्हाला खरंच काय वाटतं ते सांगा.

जुनीतबकडी:
मी हे संगीत तबकड्यांवर ऐकत मोठा झालो, त्यामुळे 'नाही' म्हणताना मला आनंद होत नाहीये. पण नाही.

एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. तुम्ही सांगितलेली गाणी त्याच मापाची आहेत, हा योगायोग नव्हे. 'क्लोज टू द एज'ने पहिली बाजू पूर्ण व्यापली होती. बाजू लावली की माणूस बसायचा, कारण मधेच उठून सुई उचलणं जिवावर यायचं. ते बसणंच गेलं.

पंकने, म्हणजे छोट्या, साध्या, आक्रमक गाण्यांच्या रॉकने, प्रोग मारलं असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. इमर्सन, लेक अँड पामर (ईएलपी) हा बँड घेऊन ही मंडळी १९७७ मध्ये सत्तरएक वादकांचा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले आणि खर्च पेलेना म्हणून थोड्याच कार्यक्रमांनंतर त्यांना तो सोडून द्यावा लागला. मग त्याच मंडळींनी वाट बदलली. १९८२ साली येस, किंग क्रिमसन आणि ईएलपीतल्या लोकांनी मिळून एशिया नावाचा बँड काढला, छोटी गाणी केली, आणि अल्बम अमेरिकेत पहिला आला. येसला तिथे पहिल्या क्रमांकाचं गाणं मिळालं तेही 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'. साडेचार मिनिटांच्या आतलं.

आणि आजचा हिशोब तर आणखी वाईट. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात. पुढे दोन मिनिटं ऐका नाहीतर वीस, प्ले एकच. तुमच्या ड्रमरचं गणित चुकलेलं नाही.

उलटाठेका:
मीही ड्रमर आहे, पण तुमच्या ड्रमरच्या बाजूने नाही.

शैली मेली असं ठरवण्याची घाई करू नका. शूगेझचं काय झालं बघा. गिटारीच्या आवाजाची भिंत, त्यात बुडालेला गळा, १९९१च्या आसपासचा प्रकार. त्यातल्या स्लोडाइव्ह या बँडची पत्रकारांनी टर उडवली, १९९५ च्या अल्बमनंतर कंपनीने त्यांना सोडून दिलं. २०१४ ला ते परत आले, आणि आज त्यांच्यासमोर उभी राहणारी कितीतरी पोरं पहिल्या अल्बमच्या वेळी जन्मलीही नव्हती. टिकटॉकवर तर हा आवाज जिकडेतिकडे आहे.

लांबीचंच म्हणाल, तर टूल या बँडचा 'फिअर इनॉक्युलम' हा अल्बम, ऑगस्ट २०१९. मुख्य गाणी सगळी दहा मिनिटांच्या वरची, तरी अमेरिकेत अल्बम पहिला. शीर्षकगीत बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत आलं, दहा मिनिटांपेक्षा लांब गाणं त्या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ.

जुनीतबकडी:
टूलने त्याआधी तेरा वर्षं वाट बघायला लावली होती, आणि त्यांचा श्रोता आधीपासून जमलेला होता. नव्या बँडला ती सवलत कोण देणार? शूगेझचं मात्र मान्य. पण तिथे चार मिनिटांत आवाज कळतो. प्रोग चार मिनिटांत कळत नाही.

मागचीरांग:
लोकप्रिय व्हायलाच हवं का? मॅरिलियन या प्रोग बँडच्या चाहत्यांनी १९९७ मध्ये स्वतः ६०,००० डॉलर जमवून त्यांना अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं. २००१ च्या अल्बमसाठी १२ हजारांहून जास्त लोकांनी रेकॉर्डिंगच्या आधीच पैसे भरले. एवढी माणसं असली की बँड जगतो.

सातमात्रा:
सगळ्यांचे आभार. जुनीतबकडी, तुमचं शेवटचं वाक्य मी दोन दिवस घोळवतोय. 'प्रोग चार मिनिटांत कळत नाही.' मला नेमकं हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

मी मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या जुन्या कीबोर्डचा आवाज वापरतो, सॉफ्टवेअरमधला. खऱ्या यंत्रात प्रत्येक कीखाली टेपची वेगळी पट्टी असते. की दाबली की ती हेडला टेकून सरकू लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. बोट उचललं तरच मागे जाते. म्हणून सूर लांबवायचा तर बोटं आलटून पालटून उचलत राहावी लागतात. सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा काढून टाकता येते. मी ती मुद्दाम ठेवली आहे, कारण त्या उचलण्यामुळे स्वरांना जी धाप लागते तीच मला आवडते. हा आवाज कधीच परत आला आहे, कितीतरी नव्या गाण्यांत ऐकू येतो. परत आलेली नाही ती लांबी. माझी लढाई तिच्यासाठी आहे.

गेल्या तालमीला आमच्या गिटारिस्टची धाकटी बहीण येऊन बसली होती. सतरा वर्षांची, हे संगीत तिने कधी ऐकलेलं नाही. आमच्या रचनेत अकराव्या मिनिटाला सगळं थांबतं, फक्त कीबोर्ड उरतो. मग मी सात मात्रांचं आवर्तन धरतो, ड्रम चारचं, आणि अठ्ठावीस मात्रांनी दोघं एकदाच समेवर भेटतो. अशा चार भेटी होतात, आणि चौथ्या भेटीला सुरुवातीची धून परत येते, पूर्ण ताकदीने. संपल्यावर ती म्हणाली, "मधे मला वाटलं संपलं. आणि मग ते पहिलं परत आलं ना, अंगावर काटाच आला."

ती धून तिने सोळा मिनिटांपूर्वी ऐकली होती. चार तुकडे केले तर चौथ्या गाण्यात ती नुसती एक चाल उरेल. परत येण्यासाठी आधी लांब जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. हिशोबात हे बसत नाही, मान्य. पण एकदा काटा आलेली मुलगी तसलं आणखी शोधणार, आणि शैली परत येत असेल तर ती अशा शोधणाऱ्यांच्या मागे येत असेल.

ड्रमरला हे सगळं वाचायला दिलं. तुकडे करायचे नाहीत, एवढं त्याने कबूल केलं. पण दुसरं आवर्तन जास्त ताणलं जातंय, चाळीस सेकंद काढू, म्हणाला. काल काढून वाजवून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. उलटाठेका, सात-चारच्या दुसऱ्या भेटीला आमची लय अजून पळते. तुम्ही मनात मोजता की कशावर तरी कान ठेवता?

उलटाठेका:
मोजत नाही. आमच्या कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा खालचा सूर धरून ठेवतो. तुम्ही तुमचा तो सूर थोडा मोठा वाजवा, तुमच्या ड्रमरला सापडेल.