सड्यावरच्या गावात आरओ कशाला?

जांभ्याचा_चिरा:
गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी यंदा सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, आमच्या वाडीत आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) बसवायचा सपाटाच लावला. विक्रेता येतो, दोन ग्लासांत सळ्या बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं आणि म्हातारी माणसं घाबरतात. अहो, तो गाळ झिजलेल्या लोखंडी सळीचा असतो! आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल.

जांभ्यातून झिरपलेलं पाणी मुळात हलकं. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, बऱ्याचदा लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात ५०० पर्यंत चालतो. आपला त्रास लोह, पावसातला गढूळपणा आणि जंतू हा आहे. त्यासाठी टाकी धुणं, तुरटी, वाळूची गाळणी आणि वेळेवर टीसीएल (जंतू मारणारी क्लोरिनची पावडर). एवढं ग्रामपंचायतीकडून करून घ्या, मग यंत्राचं बोला.

खाडीकाठ:
सड्यावर बसून आम्हाला शहाणपण शिकवू नका. शिमगा सरला की आमच्या विहिरी मचूळ. डाळ शिजत नाही, चहाला चव नाही. उकळून खारटपणा जातो काय? पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं. तुरटी नि टीसीएल घेऊन काय करू?

जांभ्याचा_चिरा:
शीर्षक परत वाचा. खाऱ्या विहिरीला आरओ हवाच, वाद नाही. पण लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. एप्रिलात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला ते परवडतं का?

खाडीकाठ:
वाया कशाला? माडांना घालतो. माड खारं सोसतो. तुम्ही काजूला घालून बघा नि मग सांगा.

दोन_पोरांची_आई:
"ग्रामपंचायतीकडून करून घ्या" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे टीसीएल टाकतात ते तपासणीची गाडी येणार असली की. पाणी धोक्याचं म्हणून गावाला लाल कार्ड मिळालं तेव्हा महिनाभर सगळे जागे, मग पुन्हा तेच. मुलांना जुलाब होतात तेव्हा ग्रामसभेची वाट बघायची का? मी यंत्र घेतलं, हप्त्याने घेतलं, आणि मला पश्चात्ताप नाही.

नळवाला_भाऊ:
मी जोडणीची कामं करतो, थोडं बोलतो. टीसीएल टाळण्यामागे आळस असतोच, पण लोकांची ओरडही असते. पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरिनने लाल होऊन खाली बसतं. मग वाडी म्हणते, "पावडरीने पाणी बिघडवलं." शिवाय क्लोरिन त्यातच खर्च होतो, नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमसुद्धा उरत नाही. आधी हवेशी खेळवून लोह बसवायचं, गाळायचं आणि मग पावडर. उलट क्रमाने केलं तर दोन्ही फुकट.

आणि लाल पाणी दर वेळी विहिरीचंच असतं असं नाही. सकाळी पहिली बादली लाल, नंतर स्वच्छ? तो जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा गंज, आपलं हलकं, आंबट पाणी पाइप खातं. विहिरीतून थेट भरलेली बाटली आधी स्वच्छ आणि ठेवल्यावर लाल? मग लोह विहिरीतच. बाटलीला खर्च नाही, तरी कोणी करत नाही.

ताई, जुलाब जंतूंमुळे होतात, टीडीएसमुळे नाही. यूव्हीवालं (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) यंत्र घेतलं असतंत तरी चाललं असतं. फक्त पाणी आधी नितळ हवं, गढूळ पाण्यात जंतूंना आडोसा मिळतो.

दोन_पोरांची_आई:
आणि वीज गेली की? जून-जुलैत कोणाच्या घरी वीज टिकते?

नळवाला_भाऊ:
तो मुद्दा आरओलाही लागू आहे ना. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा उकळलेलं पाणीच कामी आलं.

जांभ्याचा_चिरा:
म्हणूनच म्हणतो, घरोघरी यंत्र लावलं की टाकीकडे बघणारं कोणी उरत नाही. ज्यांच्याकडे हप्ता नाही त्यांनी काय प्यायचं?

दोन_पोरांची_आई:
पटतं. पण टाकी सुधारेपर्यंत मी यंत्र बंद ठेवणार नाही. ग्रामसभेलाही येईन. बैठक दुपारी कामाच्या वेळेत ठेवू नका एवढंच, बायका नसल्या की पाण्याचा विषय शेवटी जातो.

खाडीकाठ:
आमच्या वाडीत टाकीच नाही हो. आधी ती द्या, मग धुतो.