बडोद्यात बोंबील जाफराबादचा, मग कोचीला का नाही?

दांडियाबाजारची सून
लग्न होऊन बडोद्याला आले त्याला दोन वर्षं झाली, माहेर अलिबागजवळ. सासरचे सीकेपी, त्यामुळे माशांचा प्रश्न नाही. पण इथे मार्केटमध्ये बोंबील मागितले की "बुमला" म्हणून जे दाखवतात ते इतके लिबलिबीत की उचलले तर हातात राहत नाहीत. विकणारा म्हणतो माल जाफराबादचा. मला वाटायचं बोंबील म्हणजे मुंबई आणि आमचं रायगड, सौराष्ट्रात कधीपासून? बरं बहीण कोचीला असते, तिला तिथे एकदाही दिसला नाही. समुद्र तर एकच ना?

झूलॉजी पास, नोकरी बँकेत
समुद्र एक आहे पण पाणी एक नाही ताई. बोंबलाला गढूळ, चिखलाच्या तळाचं आणि जोरात भरती-ओहोटी असलेलं पाणी लागतं. खंभातच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी चढतं आणि उतरतं. त्यामुळे देशातला बहुतेक बोंबील गुजरात आणि महाराष्ट्राचाच, रत्नागिरीच्या खाली जाल तसा कमी होत जातो आणि कर्नाटक-केरळात जवळजवळ नाहीच. मग एकदम पलीकडे आंध्रचा वरचा भाग, ओडिशा आणि बंगालमध्ये परत उगवतो, बंगाली त्याला लोटे म्हणतात. मधला सगळा किनारा रिकामा. खादाड पण भारी आहे, जवळा, कोळंबी आणि भूक लागली तर स्वतःच्याच जातीची पिल्लं. आणि ते डाक गाडीवरून बोंबलाला इंग्रजीत बाँबे डक नाव पडलं म्हणतात ती थाप आहे, रेल्वे १८५३ ला सुरू झाली आणि नाव त्याच्या आधीच छापलेलं सापडतं.

वसईची
पुस्तकातलं दादांनी सांगितलं, आता होडीवरचं ऐका. बोंबील मुख्य करून डोलीत पडतो. डोल म्हणजे मोठी नरसाळ्यासारखी पिशवी, समुद्रात खुंट ठोकून त्याला बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे. जाळं कोणी ओढत नाही, पाणीच मासळी आत आणून घालतं, आणि ओढ थांबून पाणी फिरायच्या आत काढायचं. म्हणून सगळा धंदा उधाणावर, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांत ओढ नसते मग मासळी पण नसते. तुमच्या कोचीला एवढी ओढच नाही, डोल लावून करणार काय? वाईट एवढंच की डोलीचा शेवटचा भाग फार बारीक विणलेला असतो, बोटाएवढी पिल्लं पण येतात आणि मग पुढच्या सिझनला आम्हीच रडतो. पावसाळ्यात बंदी असते, खरी मजा नारळी पौर्णिमेनंतर थंडीपर्यंत.

रावपुऱ्याचे काका
सूनबाई, सौराष्ट्रात कधीपासून म्हणालात म्हणून सांगतो, जाफराबाद संस्थान जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होतं. म्हणजे तुमच्या माहेरच्या शेजाऱ्याचंच की! आता मुद्द्याचं. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच, दहातले जवळपास नऊ भाग, त्यामुळे बर्फात दाबून रात्रभर ट्रकमध्ये आला की त्याचं काय उरणार. जाफराबादला म्हणून पुष्कळसा माल सुकवायलाच जातो, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगतात, दात आत वळलेले असल्यामुळे सुटत नाहीत. बडोद्यात ताज्याच्या मागे लागून पैसे घालवू नका, चांगला कडकडीत सुका घ्या. मी तीस वर्षं तेच करतोय आणि बायको माहेरी गेली की जास्त करतो, कारण वास तिला चालत नाही.

वसईची
काका सुक्याचं बरोबर, पण ताजा अगदीच टाकू नका. थंडीत सकाळी लवकर जा, डोळे चकचकीत आणि अंग गुलाबी-पांढरं असेल तरच घ्या, पिवळट असेल तर मागे फिरा. घरी आणून चिरून उघडा, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली अर्धा तास दाबून ठेवा, पाणी निघालं की मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळा. दाबायचं विसरलात तर तव्यावर लापशी होते.

दांडियाबाजारची सून
पाट्याखाली दाबायचं मी इथे येऊन विसरलेच होते, आई करायची! पाटा नाहीये, कुकरमध्ये पाणी भरून ठेवला तर चालेल ना? आणि काका, सुका कुठल्या गल्लीत मिळतो ते मेसेज करा, सासूबाई पण विचारतायत.